लहान दुकान आणि बट्टा : नाशिकच्या बाजारपेठेतील कार्ड-स्वीकाराचा इतिहास

१

व्यापाराचा इतिहास लिहिताना आपले लक्ष बहुधा माल कोठून आला, कोठे गेला आणि कोणत्या भावाने विकला गेला, याकडे लागलेले असते. मालाचे मोल विक्रेत्याच्या हाती कसे पडले, हा प्रश्न त्या मानाने उपेक्षित राहतो. वास्तविक दुकानदाराच्या दृष्टीने विक्री पुरी होते ती मोल हाती आल्यानंतर. मोल देणारा अनोळखी असेल, त्याने पुढे केलेले नाणे किंवा कागद परगावचा असेल, तर त्याच्या खरेपणाची हमी कोणी घ्यावयाची आणि त्या हमीचा खर्च कोणी सोसावयाचा, हे दोन प्रश्न प्रत्येक काळातील दुकानदारापुढे उभे राहिलेले आहेत. मराठी बाजारपेठेत या खर्चास एक जुना शब्द आहे, तो म्हणजे बट्टा.

गेल्या काही दशकांत बँकांनी दिलेली कार्डे स्वीकारून विक्री करण्याची पद्धत आपल्याकडे आली. लहान दुकानदारांनी ती फार सावकाश स्वीकारली, आणि पुष्कळांनी तर कधीच स्वीकारली नाही. या संकोचाची कारणे सांगताना दुकानदाराचे अज्ञान, त्याची जुन्या रीतीविषयीची ओढ आणि कर टाळण्याची वृत्ती ही तीन कारणे सर्रास पुढे केली जातात. त्यांत काही अंश तथ्याचा असेलही. परंतु नाशिकसारख्या शहराचा दीर्घ इतिहास डोळ्यांपुढे ठेवला म्हणजे या संकोचाचा निराळा अर्थ लागतो. लहान दुकानदार बट्ट्याचा हिशेब करीत होता आणि त्या हिशेबात कार्ड त्याला परवडत नव्हते, असे प्रस्तुत निबंधाचे प्रतिपाद्य आहे.

नाशिकची निवड करण्यास कारण आहे. हे तीर्थक्षेत्र असल्याने येथील बाजारात अनोळखी गिऱ्हाइकांचा राबता पूर्वापार आहे. येथील सराफ बाजार जुना आहे. शिवाय भारतीय चलनी नोटांच्या छपाईस १९२८ साली आरंभ झाला तो नाशिक येथेच. चलनाची हमी, हमीची किंमत आणि चलनाची निर्मिती या तिन्ही गोष्टी एकाच शहराच्या इतिहासात पाहावयास मिळाव्यात, असा योग क्वचितच येतो.

२

बाजारातील हमीचा सर्वांत जुना पुरावा नाशिकच्या पांडवलेण्यांतील शिलालेखांत आहे. क्षहरात क्षत्रप नहपान याचा जामात उषवदात (ऋषभदत्त) याने गोवर्धन येथील विणकरांच्या दोन श्रेणींकडे एकूण ३,००० कार्षापण कायमचे ठेवले. त्यांपैकी २,००० वर दरमहा शेकडा १ आणि १,००० वर दरमहा शेकडा पाऊण असे व्याज ठरले होते. ते व्याज भिक्षूंच्या वस्त्रादी खर्चासाठी होते. या व्यवहाराची घोषणा निगमसभेत झाली आणि फलकावर त्याची नोंद करण्यात आली. देणारा, घेणारा आणि व्यवहारास साक्ष राहणारी तिसरी संस्था, ही त्रयी येथे स्पष्ट दिसते. दोघांमधील देवघेवीस तिसऱ्याची नोंद लागते, ही गोष्ट नाशिकच्या परिसरात सुमारे एकोणीसशे वर्षांची जुनी आहे.

दुसरा पुरावा नाण्यांचा. १९०६ साली नाशिक जिल्ह्यातील जोगलटेंभी येथे नहपानाच्या चांदीच्या नाण्यांचा तेरा हजारांहून मोठा साठा सापडला. त्यांतील नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णी याने आपला छाप पुन्हा उमटविलेला आहे. इतिहासकारांनी त्यात विजयाची खूण पाहिली आणि ते योग्यच आहे. पण बाजाराच्या दृष्टीने त्या छापाचा आणखी एक अर्थ संभवतो. राज्य बदलले तरी हे नाणे चालेल, अशी ग्वाही नव्या सत्तेने त्यावर ठोकली होती. प्रत्येक विक्रेत्याने प्रत्येक नाण्याची स्वतंत्र शंका घ्यावी, ही अडचण त्या ग्वाहीने कमी केली असली पाहिजे.

ही ग्वाही जेथे एकमुखी नसे तेथे बट्टा आकारला जाई. पेशवाईत आणि तिच्या पडत्या काळात महाराष्ट्रात अनेक टांकसाळींचे रुपये एकाच वेळी चालत. आजच्या नाशिक जिल्ह्यातील चांदवड येथील टांकसाळीचा चांदवडी रुपया हा त्यांपैकीच एक. एका छापाचा रुपया दुसऱ्या छापाच्या हिशेबात घेताना सराफ त्याचे वजन, कस आणि बाजारातील मागणी पाहून बट्टा ठरवीत असे. १८३५ साली कंपनी सरकारने १८० ग्रेन वजनाचा एकच रुपया आपल्या मुलखासाठी ठरविला, आणि नाण्यावरील या बट्ट्यास हळूहळू ओहोटी लागली. बट्टा कोणाच्या पदरी पडतो, हे बाजारातील मताने जितके ठरते तितकेच राज्याच्या निर्णयानेही ठरते, हे या घटनेवरून ध्यानात येते. पुढील विवेचनात या गोष्टीचा पुन्हा उपयोग होणार आहे.

३

रोख नाणी वाहून नेण्याचे संकट टाळण्यासाठी हुंडीचा उपयोग होई. हुंडीच्या व्यवहारातील हमीची रचना बारकाईने पाहिली पाहिजे, कारण कार्डाच्या रचनेशी तिचे साम्य विलक्षण आहे. एका पेठेतील सावकार रक्कम घेऊन दुसऱ्या पेठेतील आपल्या आडत्यावर हुंडी लिहून देई. आडत्या ती सकारून रक्कम देत असे. या कामाबद्दल जी रक्कम कापली जाई ती हुंडणावळ. दर्शनी हुंडीची रक्कम दाखविताच मिळे, मुदती हुंडीची ठरलेल्या दिवसांनी मिळे. शहाजोग हुंडीची रक्कम केवळ शहास, म्हणजे बाजारात पत असलेल्या व्यापाऱ्यासच दिली जाई. पुढे हुंडी खोटी निघाल्यास त्या शहाने रक्कम परत करावी, असा दंडक होता. हुंडी हरवल्यास पेठ आणि तीही हरवल्यास परपेठ लिहून देण्याची सोय होती. ही व्यवस्था इतकी स्वयंपूर्ण होती की, १८८१ च्या पराक्राम्य संलेख अधिनियमानेही देशी भाषांतील हुंड्यांच्या स्थानिक रूढीस हात लावला नाही.

परंतु हुंडी हे पेढीचे साधन होते. मेनरोडच्या आतल्या गल्लीतील किराणा दुकानदारास किंवा पंचवटीतील भांडी विकणाऱ्यास हुंडीचा प्रसंग माल आणताना कदाचित येई, माल विकताना येत नसे. त्याचे साधन निराळे होते. ते म्हणजे उधारीची वही.

उधारीच्या वहीत हमी घेणारा तिसरा कोणी नसतो. दुकानदार गिऱ्हाइकास ओळखतो, त्याचे घर, त्याची नोकरी, त्याच्या पगाराचा दिवस त्याला ठाऊक असतो. या ओळखीच्या बळावर तो स्वतःच सावकार होतो आणि बुडीत रकमेचा भार स्वतःच सोसतो. त्याची भरपाई भावात थोडी वाढ करून किंवा गिऱ्हाईक टिकवून तो करून घेतो. म्हणजे येथेही बट्टा आहेच, तो केवळ कागदावर दिसत नाही. गल्लीतील दुकानदाराजवळ ओळखीच्या रूपाने हमीचे भांडवल आधीच असते, हा मुद्दा लक्षात ठेवावा. कार्ड त्याच्याकडे आले तेव्हा ते नेमकी हीच वस्तू त्याला विकावयास आले होते.

४

कार्डाचा जन्म अनोळखी माणसांच्या शहरात झाला. १९५० साली न्यूयॉर्क येथे डायनर्स क्लबचे कार्ड निघाले. ते प्रामुख्याने उपाहारगृहांत चाले. १९५८ साली बँक ऑफ अमेरिका या बँकेने कॅलिफोर्नियातील फ्रेस्नो या गावी सुमारे ६०,००० लोकांस टपालाने कार्डे पाठविली. गावातील लहान दुकानदारांस या योजनेत ओढण्याचा बँकेचा मुख्य युक्तिवाद असा होता की, उधारीची वही तुम्ही ठेवू नका, ती आम्ही ठेवतो. वसुलीची यातायात आमची, बुडीत रक्कम आमची, तुम्ही त्याबद्दल विक्रीवर बट्टा द्या. याच कार्डास १९७६ साली व्हिसा हे नाव मिळाले.

या रचनेत चार पक्ष असतात. पहिला गिऱ्हाईक, दुसरी त्यास कार्ड देणारी बँक, तिसरा दुकानदार आणि चौथी दुकानदाराचे खाते सांभाळून त्यास यंत्र पुरविणारी बँक. दोन बँकांमधील निरोपांची ने-आण आणि हिशेबाची फेड करणारे जाळे या चौघांना जोडते. दुकानदाराने १०० रुपयांची विक्री केली म्हणजे त्याच्या खात्यात बट्टा वजा जाता रक्कम जमा होते. त्या बट्ट्याचा मोठा वाटा कार्ड देणाऱ्या बँकेस, काही वाटा जाळ्यास आणि उरलेला दुकानदाराच्या बँकेस जातो. इंग्रजी व्यवहारातही या कपातीस जो शब्द आहे त्याचा अर्थ व्यापाऱ्याकडून घेतलेला बट्टा असाच आहे. शहाजोग हुंडीतील शहाचे काम येथे दुकानदाराच्या बँकेने पत्करलेले असते. गिऱ्हाइकाने पुढे तक्रार केली आणि ती खरी ठरली, तर दिलेली रक्कम दुकानदाराच्या खात्यातून परत काढून घेतली जाते. खोट्या हुंडीची रक्कम परत करण्याच्या जुन्या दंडकाचीच ही नवी आवृत्ती होय.

भारतात १९६० नंतरच्या आरंभीच्या वर्षांत डायनर्स क्लबचे कार्ड आले. बँकांपैकी सेंट्रल बँक ऑफ इंडियाने १९८० साली आपले कार्ड काढले. त्या काळी दुकानात हाताने ओढावयाचे एक यंत्र असे. कार्डावरील उठावाचे आकडे कार्बन कागदाच्या साहाय्याने पावतीवर उमटविले जात, रद्द झालेल्या कार्डांची यादी पाहिली जाई आणि मोठ्या रकमेस दूरध्वनीवरून संमती घेतली जाई. १९९० नंतरच्या दशकात दूरध्वनीच्या तारेस जोडलेली विजेवर चालणारी यंत्रे आली. डिसेंबर २०१३ पासून डेबिट कार्डाच्या दुकानातील प्रत्येक व्यवहारास गुप्त आकडा आवश्यक झाला. शहानिशा अशा रीतीने दुकानदाराच्या नजरेकडून यंत्राकडे गेली.

५

आता दुकानदाराचा हिशेब पाहू. समजा, किराणा दुकानदारास १०० रुपयांच्या विक्रीवर ८ रुपये सुटतात. त्यावर २ रुपये बट्टा गेला, तर नफ्याचा चौथा हिस्सा गेला. यंत्राचे मासिक भाडे ५०० रुपये धरले आणि महिन्याची कार्डावरील विक्री १०,००० रुपये असली, तर ते भाडेच शेकडा ५ पडते. मोठ्या दुकानात हेच भाडे लाखोंच्या विक्रीत विरून जाते. म्हणजे बट्ट्याचा दर दोघांस सारखा असला तरी त्याचा भार लहान दुकानावर अधिक पडतो. शिवाय गल्लीतील दुकानदारास या किमतीत मिळते काय? ज्या गिऱ्हाइकाची हमी बँक घेणार, त्याला तो वीस वर्षे ओळखत असतो.

ज्या दुकानात गिऱ्हाईक अनोळखी आणि रक्कम मोठी, तेथे कार्डाची हमी बट्ट्याच्या मोलाची ठरते. यात्रेकरूंची उतरण्याची हॉटेले, सराफी पेढ्या, येवल्यातील पैठणीची दुकाने आणि अलीकडच्या काळातील द्राक्षमद्याच्या कारखान्यांतील विक्रीकेंद्रे ही या वर्गातील उदाहरणे म्हणून सांगता येतील. पाच-दहा हजारांची रोकड जवळ न बाळगणारा परगावचा मनुष्य कार्डामुळे खरेदी करतो, एरवी करणार नाही. तेथे बट्टा हा वाढीव विक्रीचा खर्च ठरतो. दूध, भाजी, किराणा, औषधे यांच्या दुकानांत तसे होत नाही. तेथे गिऱ्हाईक कार्डाशिवायही येणारच असते.

मधल्या दुकानदारांनी बट्टा गिऱ्हाइकाकडे सरकविण्याचे उपाय केले. अमुक रकमेच्या आत कार्ड चालणार नाही, अशा पाट्या लागल्या. कार्डाने दिल्यास दोन टक्के अधिक, असे तोंडी सांगितले जाऊ लागले. डेबिट कार्डावर असा अधिभार घेणे नियमास धरून नाही, असे रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०१३ मध्ये स्पष्ट केले. ही रीत आक्षेपार्ह खरी, परंतु परक्या रुपयावर बट्टा घेणाऱ्या सराफाची सवय तिच्यात ओळखू येते.

६

यापुढील काळात राज्याचा हात दिसू लागतो. १ सप्टेंबर २०१२ पासून डेबिट कार्डावरील बट्टा २,००० रुपयांपर्यंत शेकडा पाऊण आणि त्यावर शेकडा १ याहून अधिक नसावा, असे रिझर्व्ह बँकेने ठरविले. त्याच वर्षी भारतीय राष्ट्रीय देयक निगमाने रुपे हे देशी कार्ड काढले. १ जानेवारी २०१८ पासून वार्षिक उलाढाल २० लाख रुपयांपर्यंत असलेल्या लहान व्यापाऱ्यांस वेगळी वागणूक मिळाली. त्यांच्यासाठी यंत्रावरील बट्टा शेकडा ०.४० आणि क्यूआर संकेतावरील शेकडा ०.३० याहून अधिक नसावा असे ठरले, आणि मोठ्या व्यापाऱ्यांसाठी ही मर्यादा अनुक्रमे ०.९० व ०.८० राहिली. लहान दुकानाचा प्रश्न वेगळा आहे, ही गोष्ट येथे प्रथमच दराच्या रूपाने मान्य झाली. क्रेडिट कार्डावरील बट्ट्यास मात्र अशी मर्यादा घालण्यात आली नाही.

या दोन टप्प्यांच्या मध्ये ८ नोव्हेंबर २०१६ ची नोटबंदी आली. चलनातील मूल्याच्या सुमारे ८६ टक्के भाग एका रात्रीत बाद ठरला. नाशिकरोडच्या मुद्रणालयात पाचशेच्या नव्या नोटांची छपाई वेगाने चालू असताना सर्व देशातील लहान दुकाने सुट्ट्या पैशांसाठी आणि नोटांसाठी अडली होती. १४ नोव्हेंबरपासून जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकांस जुन्या नोटा स्वीकारण्याची मनाई झाल्याने ग्रामीण बाजारांची अडचण आणखी वाढली. या काळात यंत्रांची मागणी वाढली हे खरे, परंतु टंचाईने आलेली सवय टंचाईबरोबर ओसरू लागते. लहान दुकानांत टिकून राहिलेला बदल पुढे घडला, आणि तो कार्डाच्या यंत्राने घडविला नाही.

एप्रिल २०१६ मध्ये यूपीआय ही पद्धत सुरू झाली होती. तिच्यात दुकानदारास यंत्र लागत नाही. छापलेला क्यूआर संकेत भिंतीवर लावला की पुरे. १ जानेवारी २०२० पासून यूपीआय आणि रुपे डेबिट कार्ड या दोहोंवरील बट्टा शून्य करण्यात आला. भाडे नाही, बट्टा नाही, रक्कम तत्काळ खात्यात, आणि सुट्ट्या पैशांचा घोळही नाही, असा हिशेब प्रथमच जुळून आला. त्यानंतर चहाच्या टपरीपासून भाजीच्या हातगाडीपर्यंत हे संकेत झळकू लागले. जून २०२० मध्ये सुरू झालेल्या स्वनिधी योजनेत फेरीवाल्यांस कर्जाबरोबरच अशा व्यवहारांबद्दल दरमहा १०० रुपयांपर्यंत परतावा ठेवण्यात आला. जो वर्ग नवे तंत्र शिकत नाही असा आक्षेप होता, त्याच वर्गाने ते अल्पावधीत उचलले. अज्ञान किंवा जुन्याची ओढ हे संकोचाचे मुख्य कारण असते, तर असे घडते ना. करभयाचा मुद्दाही येथे दुबळा पडतो, कारण यूपीआयची नोंद कार्डाइतकीच पक्की असते आणि ती स्वीकारताना दुकानदार फारसा कचरला नाही. यूपीआयने कार्डाहून अधिक सोय दिली हे मान्य केले, तरी त्या सोयीस शेकडा २ बट्टा असता तर ती गल्लीत किती शिरली असती, याची शंकाच आहे.

७

आज लहान दुकानदारास कार्ड स्वीकारावयाचे असेल तर त्याच्यापुढे चार मार्ग आहेत. पहिला मार्ग बँकेकडून किंवा रिझर्व्ह बँकेच्या नियमनाखालील देयक-संकलकाकडून यंत्र घेण्याचा. त्यासाठी खाते, पॅन आणि व्यवसायाचा पुरावा लागतो. महाराष्ट्रात २०१७ च्या दुकाने व आस्थापना अधिनियमानुसार ठरावीक संख्येहून कमी कामगार असलेल्या दुकानास नोंदणीऐवजी केवळ सूचना देणे पुरते, आणि त्या सूचनेची पावती पुरावा म्हणून उपयोगी पडते. दुसरा मार्ग स्वतःच्या मोबाइललाच यंत्र बनविण्याचा, ज्यावर गिऱ्हाईक कार्ड टेकविते. ५,००० रुपयांपर्यंतच्या अशा व्यवहारास गुप्त आकडा लागत नाही. तिसरा मार्ग गिऱ्हाइकास मोबाइलवर देयकाचा दुवा पाठविण्याचा. चौथा मार्ग क्यूआर संकेताचाच, कारण सप्टेंबर २०२२ पासून रुपे क्रेडिट कार्ड यूपीआयशी जोडता येते आणि लहान व्यापाऱ्यास २,००० रुपयांपर्यंतच्या अशा व्यवहारावर बट्टा पडत नाही. कोणताही मार्ग पत्करण्यापूर्वी त्याने तीन गोष्टी विचारून घ्याव्यात : भाडे किती, कोणत्या कार्डावर बट्टा किती, आणि तक्रार झाल्यास रक्कम किती काळ अडकून राहील. अनोळखी गिऱ्हाइकांचे प्रमाण आणि सरासरी बिल यांवरून यंत्र परवडेल की नाही हे ठरते. गंगाघाटावर जे परवडते ते सातपूरच्या वसाहतीतील पिठाच्या गिरणीस परवडेलच असे नाही.

बट्टा शून्य झाला याचा अर्थ खर्च संपला असा नव्हे. यंत्रणा चालविण्याचा खर्च बँका आणि शासन सोसतात. २०२४-२५ या वर्षासाठी लहान व्यापाऱ्यांच्या २,००० रुपयांपर्यंतच्या यूपीआय व्यवहारांवर शेकडा ०.१५ या दराने बँकांस प्रोत्साहन देण्याकरिता सुमारे १,५०० कोटी रुपयांची योजना केंद्रीय मंत्रिमंडळाने मंजूर केली. म्हणजे गल्लीतील दुकानदाराचा बट्टा आता काही अंशी सार्वजनिक तिजोरी भरते. ही व्यवस्था १८३५ च्या एकरूप रुपयासारखी स्थिर होईल, की उद्या बट्टा पुन्हा दुकानदाराकडे परतेल, हे राज्याच्या निर्णयावर अवलंबून आहे. तो परतल्यास लहान दुकान काय करील, याचे उत्तर वरील इतिहासात आहे. ते पुन्हा हिशेब करील, आणि न परवडल्यास रोख व उधारी यांकडे वळेल.

संशोधकांच्या दृष्टीने शेवटी एक गोष्ट नमूद करणे अगत्याचे आहे. उषवदाताच्या ठेवीचा दर आपण आज वाचू शकतो, कारण तो दगडात कोरला गेला. सराफांच्या आणि किराणा दुकानदारांच्या वह्या जेथे शिल्लक आहेत तेथे शंभर वर्षांपूर्वीचा बट्टाही काढता येतो. कार्डाच्या यंत्रातून निघणाऱ्या पावतीची शाई मात्र काही वर्षांतच उडून जाते, आणि मूळ नोंद दूरच्या संगणकात राहते. एप्रिल २०१८ मधील रिझर्व्ह बँकेच्या आदेशानुसार देयकांची माहिती भारतातच साठविली पाहिजे, परंतु ती अभ्यासकास किंवा खुद्द दुकानदारास पन्नास वर्षांनी पाहावयास मिळेल, अशी तरतूद त्यात नाही. यासाठी नाशिकच्या पेठांतील जुन्या वह्या आणि चालू काळातील बँक-उतारे, मालकांच्या संमतीने व नावे गाळून, आताच संकलित करण्याचे काम विद्यार्थ्यांनी हाती घेतले पाहिजे. लहान दुकानदाराने कोणत्या काळी किती बट्टा सोसला, हे त्या कागदांवरून निश्चितपणे सांगता येईल, आणि त्याच्या वर्तनाविषयी आज जी अनुमाने सैलपणे मांडली जातात त्यांची पारख करता येईल.